घाबरट, चावऱ्या कुत्र्याला निरोप देताना

तुम्ही कळवलेली हकीकत आधी थोडक्यात मांडते, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक असेल तर ती तुमच्या लक्षात येईल. तीन वर्षांपूर्वी तुम्ही निवारागृहातून सुमारे दीड वर्षाचा कुत्रा घरी आणला आणि त्याचे नाव भुऱ्या ठेवले. पहिले काही आठवडे तो कोपरा सोडत नव्हता. पुढे तो तुम्हा दोघांशी जुळला, पण पाहुणा आला, कोणी त्याच्या अंगावरून हात फिरवला किंवा तो पडून असताना कोणी जवळून गेले की तो चावू लागला. दोन प्रशिक्षक झाले, पाच महिने औषधे चालू आहेत, आणि तरीही दीड महिन्यापूर्वी त्याने तुमच्या सहा वर्षांच्या मुलीच्या गालाचा चावा घेतला व टाके घालावे लागले. तुमच्या पशुवैद्यांनी आता दयामरणाचा विषय काढला आहे. हा निर्णय योग्य ठरेल का, डॉक्टरांनाही जवळ येऊ न देणाऱ्या कुत्र्याला निरोप द्यायचा कसा आणि मुलीला काय सांगायचे, असे तुमचे तीन प्रश्न आहेत.

मी पशुवैद्य आहे आणि गेली बावीस वर्षे माझ्याकडे येणारे बहुतेक कुत्रे वर्तनाच्या तक्रारींचेच असतात. कुत्र्याला समोर न पाहता त्याच्या जगण्यामरण्याचा निकाल मी देणार नाही, आणि दुसरे कोणी लांबून तो देऊ लागले तर तुम्हीही तो मानू नका. परंतु तुम्ही लिहिलेल्या तपशिलांवरून तुमच्या पशुवैद्यांनी हा विषय उतावीळपणे काढलेला दिसत नाही. निर्णयाबद्दल मी मोजकेच सांगेन आणि निरोपाच्या पद्धतीविषयी अधिक लिहीन, कारण निर्णयावर मत देणारे पुष्कळ भेटतात, पण अशा कुत्र्याचा शेवटचा दिवस कसा आखावा हे फार थोडे जण सांगतात, आणि आखणी न केल्यामुळे तोच दिवस त्याच्या आयुष्यातला सर्वांत भीतीचा दिवस ठरल्याचे मी अनेकदा पाहिले आहे.

सर्वप्रथम दुखण्याचा प्रश्न निकालात काढा. पडलेला असताना कोणी जवळून गेल्यावर किंवा अंगाला हात लावल्यावर चावणाऱ्या कुत्र्याच्या बाबतीत सांधे, पाठीचा कणा, दात आणि कान तपासल्याशिवाय पुढचे पाऊल टाकू नये. इंग्लंडमधील लिंकन विद्यापीठातील डॅनियल मिल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या लेखात असे मांडले आहे की वर्तनाच्या तक्रारीसाठी तज्ज्ञांकडे पाठवलेल्या प्राण्यांपैकी, अगदी सावध अंदाजानेही, सुमारे एक तृतीयांश प्राण्यांना काही ना काही दुखणे असते. भुऱ्या हात लावू देत नसेल तर ही तपासणी गुंगी देऊन करता येते, आणि तपासणीत काही सापडले नाही तरी काही आठवडे वेदनाशामक देऊन फरक पडतो का ते पाहण्याची पद्धत आहे. औषधांचेही असेच आहे. फ्लुओक्सेटिन किंवा क्लोमिप्रामिन यांसारख्या, भीती आणि चिंता कमी करणाऱ्या औषधांचा खरा परिणाम दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात, म्हणून पाच महिन्यांत पुरेशा मात्रेत आणि खंड न पडता ती दिली गेली का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. यातले काही राहिले असेल, तर मुलीला पूर्णपणे वेगळे ठेवून ते आधी करा. सगळे झालेले असेल, तर मात्र ‘अजून एखादा उपाय असेल’ या विचाराने स्वतःला आणि त्याला आणखी वर्षभर ताणू नका.

चाव्याच्या गांभीर्याबद्दल एक मुद्दा आहे. इयन डनबार या पशुवैद्यांनी चाव्यांची सहा पायऱ्यांची मोजपट्टी केली असून आमच्या क्षेत्रात ती सर्रास वापरली जाते. पहिल्या पायरीवर दात त्वचेला लागतच नाहीत, दुसरीवर लागतात पण रुतत नाहीत. तिसरीवर एका चाव्यात एक ते चार छिद्रे पडतात, मात्र ती सुळ्याच्या निम्म्या लांबीपेक्षा खोल नसतात. चौथीवर निदान एक जखम त्याहून खोल असते किंवा धरून ठेवल्याच्या, झटका दिल्याच्या खुणा असतात. पाचवीवर असे खोल चावे एकाहून अधिक असतात आणि सहावीवर बळी गेलेला असतो. टाके पडले एवढ्यावरून पायरी ठरत नाही, कारण लहान मुलाच्या गालाची त्वचा पातळ असते आणि तिसऱ्या पायरीच्या चाव्यालाही तिथे टाके लागू शकतात. टाके घालणाऱ्या डॉक्टरांना जखमेची खोली विचारून घ्या. चौथी किंवा त्यापुढची पायरी असेल, तर अशा कुत्र्याला लहान मूल असलेल्या घरात सुरक्षित ठेवता येईल असे मी कोणालाही सांगत नाही. त्याचबरोबर तो आधी गुरगुरतो की थेट चावतो, हेही पाहा. गुरगुरल्याबद्दल पूर्वी कधी मार किंवा ओरडा खाल्लेले कुत्रे पुष्कळदा गुरगुरणेच सोडून देतात, आणि मग समोरच्या माणसाला मागे सरकायला अवधी उरत नाही.

तुमच्या पत्रात ‘आमचे प्रेम कमी पडले’ हे वाक्य दोनदा आले आहे, म्हणून हेही लिहिते. कुत्र्याच्या पिल्लाला माणसे, मुले, आवाज आणि नव्या जागा ‘घाबरण्यासारख्या नाहीत’ हे शिकण्याचा काळ फार लहान असतो. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा. स्कॉट आणि फुलर या संशोधकांनी अमेरिकेत बार हार्बर येथे केलेल्या दीर्घ अभ्यासातून, जो १९६५ साली ग्रंथरूपाने आला, हा काळ नीट समोर आला. त्या आठवड्यांत जे पिल्लू माणसांशिवाय वाढले, किंवा ज्याचा स्वभाव आनुवंशिकतेनेच भित्रा आहे, त्याच्याशी पुढे कितीही मायेने वागले तरी तो पाया पूर्णपणे नव्याने घालता येत नाही. अशा कुत्र्याला कोणीतरी मारझोड केली असणार, असे आपण धरून चालतो. माझ्या अनुभवात पुष्कळ वेळा तसे काही घडलेलेच नसते. त्या कोवळ्या आठवड्यांत त्याच्याशी चांगलेही कोणी काही केलेले नसते, इतकेच. भुऱ्या तुमच्याकडे आला तेव्हा दीड वर्षाचा होता.

निर्णयाच्या वेळी मी कुटुंबाला दोन गोष्टी तपासायला सांगते. एक म्हणजे घरातल्या सर्वांत दुबळ्या माणसाची सुरक्षितता एखादी कडी लावण्याचे लक्षात राहण्यावर अवलंबून आहे का, कारण कडी कधीतरी विसरली जातेच. दुसरी म्हणजे कुत्र्याचे आयुष्य केवढे उरले आहे. मी वर्षांबद्दल बोलत नाही, विस्ताराबद्दल बोलते आहे. तो दिवसातले किती तास एका खोलीत बंद असतो, किती वेळा निवांत कूस बदलून झोपतो, दाराची घंटा वाजल्यावर पूर्ववत व्हायला त्याला किती वेळ लागतो, हे आठवडाभर लिहून ठेवा. बाहेरून धडधाकट दिसणारा, चार-पाच वर्षांचा, खाणारापिणारा कुत्रा दिवसभर भीतीत जगत असेल, तर तो आजारीच आहे. फक्त त्याचा आजार क्ष-किरणात दिसत नाही.

त्याला दुसऱ्या घरी देण्याचा विचार तुम्ही केला असेलच. मुले नसलेले, अनुभवी, सगळा इतिहास ऐकूनही तयार असलेले घर मिळाले, तर तो मार्ग खुला आहे, पण खोल चावा घेतलेल्या कुत्र्याला असे घर क्वचितच मिळते. इतिहास लपवून त्याला देणे म्हणजे पुढचा चावा दुसऱ्याच्या मुलाच्या वाट्याला ढकलणे होय. कायमस्वरूपी आश्रयस्थानात पाठवण्याची कल्पना ऐकायला बरी वाटते, पण अनोळखी माणसांना आणि कुत्र्यांना घाबरणाऱ्या प्राण्याने दहा वर्षे पिंजऱ्यात अनोळखी माणसांच्या आणि कुत्र्यांच्या आवाजात काढावीत, हे मला दयाळूपणाचे वाटत नाही. ‘आणखी एकदा चावला तर मग’ अशी अट घालून थांबणारी कुटुंबेही मी पाहिली आहेत. त्या अटीचा अर्थ असा होतो की तारीख आपण ठरवत नाही, पुढची जखम होणारा माणूस ती ठरवतो.

आता तो दिवस. सामान्य, माणसाळलेल्या कुत्र्याच्या निरोपासाठी जे सांगितले जाते, ते भुऱ्याच्या बाबतीत जवळजवळ सगळे उलटे लागू पडते. डॉक्टरांना घरी बोलावणे अधिक शांत, असे समजले जाते. पण ज्या कुत्र्याला आपल्या घरात शिरणारा परका माणूस हीच सर्वांत मोठी धास्ती आहे, त्याच्यासाठी घर ही सर्वांत वाईट जागा ठरू शकते. काही कुत्रे मोटारीच्या मागच्या आसनावर सर्वांत निवांत असतात, आणि तसे असेल तर सगळे मोटारीतच पार पाडता येते. तो कुठे आणि कोणाच्या सोबतीने डोळे मिटून झोपतो, हे आठवा आणि जागा त्यावरून ठरवा.

गुंगी तुमच्याच हातून सुरू व्हावी. गॅबापेंटिन, ट्रॅझोडोन यांसारखी औषधे आदल्या रात्री आणि डॉक्टर येण्याआधी दोन-एक तास, त्याच्या आवडीच्या घासातून देता येतात. मात्रा अर्थातच तुमचे डॉक्टर ठरवतील. परंतु तीच औषधे, त्याच मात्रेत, काही दिवस आधी एकदा देऊन पाहण्याचा आग्रह धरा. काही कुत्र्यांना त्यांनी शांत वाटण्याऐवजी अस्वस्थ वाटते किंवा त्यांचा उरलासुरला संकोच सुटतो, आणि हे त्या दिवशी कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे. त्याच दिवसांत मझलची, म्हणजे चावता येऊ नये म्हणून तोंडाला बांधायच्या मुसक्याची, सवयही करून घ्या. जाळीदार, तोंड उघडता येईल अशी मझल घेऊन तिच्या आत चाटण्याजोगे काही लावा आणि त्याला आपणहून तोंड घालू द्या. दोन आठवडे मिळाले तर बहुतेक कुत्रे ती बिनतक्रार घालून घेतात.

डॉक्टरांनी आत येऊन त्याच्याशी ओळख करून घेण्याची काहीच गरज नसते. मी स्वतः बाहेर थांबते. कुत्रा गोळ्यांनी जड झाला की मालक त्याच्या तोंडाशी खाऊ धरून बसतात, मी दाराआडून किंवा मागच्या बाजूने येऊन मांडीच्या स्नायूत गुंगीचे इंजेक्शन देते आणि लगेच निघून जाते. पुढची दहा-पंधरा मिनिटे त्याच्याजवळ फक्त त्याची माणसे असतात. तो गाढ झोपल्यावरच मी परत येते. शिरेतल्या सुईला लांब नळी जोडली की मला त्याच्यापासून अंतर राखूनही औषध देता येते. अशा रीतीने त्या कुत्र्याच्या जाणिवेत परका माणूस जेमतेम क्षणभर येतो. तुमचे डॉक्टर असे करायला तयार आहेत का, हे आधीच विचारा. चांगला डॉक्टर या प्रश्नाने दुखावत नाही. गुंगीच्या औषधांनी काही कुत्र्यांना उलटी होते, त्यामुळे पोट कितपत रिकामे ठेवायचे हेही विचारून घ्या.

एक गोष्ट सांगायला जड जाते, पण सांगितलीच पाहिजे. तो अर्धवट गुंगीत असताना तुमचा चेहरा त्याच्या चेहऱ्याजवळ नेऊ नका. अशा अवस्थेतला कुत्रा आवाजाने किंवा अचानक स्पर्शाने दचकून चावू शकतो आणि त्याला ते कळतही नाही. डॉक्टर त्याच्या पायाच्या बोटांमध्ये चिमटा घेऊन प्रतिसाद पाहतील, तो येत नाही अशी खात्री करतील आणि मग मझल काढतील. तो श्वास घेत असतो, अंग गरम असते, आणि तेव्हा तुम्ही त्याला हवे तसे जवळ घेऊ शकता. कान हातात घ्या, पोटावर डोके टेका, पंजे धरा. मला कित्येक लोकांनी नंतर सांगितले आहे की इतक्या वर्षांत आपल्या कुत्र्याच्या गळ्यात हात टाकायला त्यांना त्याच दिवशी पहिल्यांदा मिळाले. यासाठी घाई करू नये असे डॉक्टरांना सांगून ठेवा.

त्यानंतर जे औषध शिरेतून दिले जाते ते बहुधा पेंटोबार्बिटल असते. ते मुळात भुलीचेच औषध आहे आणि इथे त्याची मात्रा मुद्दाम फार मोठी असते. आधी शुद्ध हरपते, मग श्वास थांबतो, मग हृदय, आणि हे सारे सहसा दोन-चार मिनिटांत होते. भुऱ्याचे डोळे मिटणार नाहीत. एखाद-दुसरा खोल श्वास, स्नायूंचे फुरफुरणे, लघवी सुटणे यांपैकी काहीही नंतर होऊ शकते. ती शरीराची आपोआप होणारी क्रिया असते, त्याला त्रास होत असल्याचे ते लक्षण नसते. हे औषध मृतदेहात तसेच राहते, म्हणून पुरायचे असेल तर खड्डा पुरेसा खोल हवा. उकरून खाणाऱ्या दुसऱ्या प्राण्याला त्यामुळे विषबाधा होते.

तुमच्या भागात रेबीज आढळत असेल तर तारखेकडे लक्ष द्या. माणसाला चावलेल्या कुत्र्यावर चाव्यानंतर दहा दिवस नजर ठेवायची असते. मुलीच्या चाव्याला दीड महिना झाला आहे, त्यामुळे तो प्रश्न आता नाही. पण मधल्या काळात तो आणखी कोणाला चावला असेल तर डॉक्टरांना तसे सांगा, म्हणजे दहा दिवस थांबायचे की मेंदूचा नमुना तपासणीला पाठवायचा हे त्यांना ठरवता येईल. दयामरणाविषयीचा कायदाही देशोदेशी निराळा असतो, तो तुमच्या डॉक्टरांना ठाऊक असेल.

शेवटचे दिवस साजरे करण्याची अलीकडे पद्धत पडली आहे. नव्या ठिकाणी सहल, भेटायला येणारे नातेवाईक, छायाचित्रे. ही चूक मी स्वतः केली आहे. माझी कुत्रीही अशीच भित्री होती, आणि तिच्यावर माया करणाऱ्या दोघी मैत्रिणींना मी अखेरच्या दुपारी ‘भेटून जा’ म्हणून बोलावले. त्या दोघींना निरोप घेता आला. माझ्या कुत्रीने मात्र ती दुपार पलंगाखाली गुरगुरत काढली. भुऱ्याला कोणालाही भेटायचे नाही. रस्ते रिकामे असतात त्या वेळी लांब पट्ट्यावर त्याला हवे तितके हुंगू द्या, एकाच झाडाशी दहा मिनिटे थांबला तरी ओढू नका, आणि नवे काहीही करू नका. हा शेवटचा दिवस आहे हे त्याला कळणार नाही. तुमचा आवाज वेगळा लागतो आहे हे मात्र कळेल, म्हणून रडायचे ते शक्यतो दुसऱ्या खोलीत रडा.

मुलीला ‘त्याला झोपवले’ असे सांगू नका, कारण सहा वर्षांची मुले शब्द जसाच्या तसा घेतात आणि मग स्वतः झोपायला घाबरू लागतात. ‘दूर पाठवला’ असेही सांगू नका. ती वाट पाहील, आणि पुढे कधीतरी खरे कळेल तेव्हा दुसऱ्यांदा दुखावेल. ‘भुऱ्या मेला, तो आता परत येणार नाही’ हे शब्द वापरा. तिला चावा बसला असल्यामुळे आपल्यामुळेच तो मेला असे तिच्या मनात येण्याची दाट शक्यता आहे, आणि ती विचारेलच असे नाही. तिने विचारण्याची वाट न पाहता सांगा: भुऱ्याच्या मेंदूला भीतीचा आजार होता, डॉक्टरांनी औषधे देऊन पाहिली, ती लागू पडली नाहीत, आणि हा निर्णय मोठ्या माणसांनी घेतला, तू सोफ्याजवळून गेलीस यात तुझी काही चूक नव्हती. हे एकदा सांगून भागणार नाही. आरशात गालावरचा व्रण दिसेल तेव्हा तेव्हा ती कदाचित पुन्हा विचारेल, आणि दर वेळी तेच, त्याच शब्दांत सांगावे लागेल. प्रत्यक्ष त्या वेळी तिने घरात असू नये असे माझे मत आहे. आदल्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारातल्या जाळीच्या पलीकडून तिला त्याच्याशी बोलायचे असेल तर बोलू द्या, नसेल तर आग्रह करू नका.

तुम्हा दोघांसाठी थोडेसे. शोकाचे अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ साली अशा दुःखाला एक नाव दिले, जे मी मराठीत ‘हक्क नाकारलेले दुःख’ असे म्हणते. आजूबाजूचे लोक ज्याला दुःख मानायलाच तयार नसतात, ते. म्हाताऱ्या, आजारी कुत्र्यामागे रडणाऱ्याला निदान जवळ बसवतात. तुम्हाला अर्धे लोक म्हणतील की हे आधीच करायला हवे होते, आणि उरलेले म्हणतील की माया लावली असती तर तो सुधारला असता. दोघांपैकी कोणीही त्या घरात एक रात्र काढलेली नसते. कोणाला काय आणि किती सांगायचे हे दोघांनी आधी ठरवून ठेवा. ‘तो आजारी होता’ एवढे वाक्य खरे आहे आणि पुरते. पहिल्याच संध्याकाळी तुम्हाला हायसे वाटेल आणि त्याची लाज वाटेल. तीन वर्षे प्रत्येक दार उघडण्यापूर्वी कान देऊन ऐकणाऱ्या माणसांना हायसे वाटणारच. उरलेल्या गोळ्या डॉक्टरांकडे परत द्या. मझल आणि पट्टा यांचे काय करायचे ते लगेच ठरवण्याची गरज नाही. दुसरा कुत्रा आणण्याचा विषय निदान काही महिने घरात काढू नका. आणि स्वयंपाकघराच्या दारातली जाळी घाईने उतरवू नका. तुमच्या मुलीला त्या जाळीच्या अलीकडे सुरक्षित वाटण्याची सवय झाली आहे, ती म्हणेल तेव्हा तिच्याच हाताने ती काढा.